अर्धं अंडं आणि एल्डन ब्रॅनिगन

मारितनं ती ओळ तिसऱ्यांदा वाचली आणि खुर्ची मागे ढकलून ती उभी राहिली.

‘अर्धं अंडं फेटून घ्या. एल्डन ब्रॅनिगन. मग त्यात दोन चमचे साय घाला.’

पुढे ब्रॅनिगनबद्दल काहीही नव्हतं. त्याला मत द्या असं नव्हतं, देऊ नका असंही नव्हतं. तो अंडं आणि साय यांच्यामध्ये येऊन उभा राहिला होता आणि पाककृती त्याला वळसा घालून पुढे निघून गेली होती. एल्डन ब्रॅनिगन हा एका डोंगराळ राज्याचा माजी गव्हर्नर. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागणारे नऊ जण त्या डिसेंबरात आयोवाभर हिंडत होते, त्यांत तो कधी सहावा असे, कधी सातवा. लोक त्याला वळसा घालूनच जात. पण सायीनं तसं करावं याचं त्यालाही वाईट वाटलं असतं.

खाली बोलिंगच्या हॉलमध्ये दहाच्या दहा खुंट्या एकदम कोसळल्या. मारितच्या कपातली कॉफी थरथरली. ती खिडकीपर्यंत गेली, बर्फानं भरलेला पार्किंगचा चौक बघितला, परत आली, बसली, आणि पुन्हा उठली.

“तू आज सकाळपासून अकरा वेळा उठलीस,” वेंडेल स्ट्रूप म्हणाला. “मी मोजतोय. मोजणं हा आपला धंदा आहे.”

वेंडेल पूर्वी टीव्हीवर हवामान सांगायचा. एकदा त्यानं निरभ्र आकाश सांगितलं आणि चौदा इंच बर्फ पडलं. त्या बर्फात त्याच चॅनेलच्या मालकाची गाडी अडकली, गाडीत मालक होता, आणि गाडीतल्या रेडिओवर वेंडेलचं निरभ्र आकाश अजून चालू होतं. तेव्हापासून वेंडेलनं आकाशाचा नाद सोडला होता आणि डे मॉइनमधल्या या बोलिंग हॉलच्या वरच्या मजल्यावर ब्लॉगमधली हवा मोजायचं कार्यालय थाटलं होतं. कुठल्या उमेदवाराबद्दल किती ब्लॉगवाल्यांनी काय लिहिलं याचा आलेख दर गुरुवारी संध्याकाळी बाहेर पडायचा. दुसऱ्या एका चॅनेलनं जाहीरच केलं होतं, की शनिवारच्या वादविवादात या आलेखातले पहिले सहा बसतील. सहा खुर्च्या. सातव्यानं घरी बसून बघायचं.

“ब्रॅनिगन किती?” वेंडेलनं विचारलं.

“एकसष्ट.”

“आणि टिस्डेलबाई?”

“बावन्न.”

लोरेन टिस्डेल या सातव्या. वेंडेलनं खुर्ची मारितकडे वळवली. “गेल्या महिन्यात ब्रॅनिगनचं नाव आठवड्यातून चाळीसदा निघायचं. आता एकसष्ट. ढग कुठून आले?”

मारितनं पेनाचं टोपण चावलं. “एक पाककृतींचा ब्लॉग आहे. या आठवड्यात चौदा पाककृती. सकाळी एक, संध्याकाळी एक. प्रत्येकीत एकदा ब्रॅनिगन.”

“कशात?”

“अंड्यात. बटाट्यात. सोमवारी खिम्याच्या मीटलोफमध्ये.”

वेंडेलनं पेनानं तळहातावर वजाबाकी केली. “चौदा काढले तर सत्तेचाळीस. म्हणजे शनिवारची खुर्ची त्या मीटलोफवर उभी आहे.” त्यानं ड्रॉवर उघडून पिवळा फॉर्म काढला. “कधीपासून चाललंय हे?”

“तीन आठवडे.”

“आणि तू कुठल्या रकान्यात टाकत होतीस?”

“तटस्थ.”

“मीटलोफ तटस्थ?”

पहिल्याच दिवशी, पहिल्याच फोटोत मारितनं तो निळा वाडगा ओळखला होता. कडेला जिथं टवका उडालाय तिथं तिचा स्वतःचा दात लागला होता, वय वर्षं पाच. मागच्या खिडकीतून बाबांचं धान्याचं कोठार दिसत होतं. ब्लॉगखाली नाव नव्हतं, नुसतं ‘ए. एच.’ आणि प्रत्येक पाककृतीच्या शेवटी: ‘शंका असल्यास फोन करा.’ पुढं नंबर. तो नंबर मारितला आपला पत्ता पाठ व्हायच्या आधीपासून पाठ होता.

ए. एच. म्हणजे आर्डिस हॉगन. तिची आई.

वसंतात बाबा गेले. ऑगस्टमध्ये आईनं जेवणाच्या टेबलावर सांगितलं, की ती घर विकतेय आणि गावात दोन खोल्या घेतेय. मारित म्हणाली, “हे घर विकलंस ना, तर मला फोन करू नकोस.” तोंडात मक्याचे दाणे असल्यामुळे वाक्याचा जोर थोडा कमी झाला होता, पण आईला ते ऐकू गेलं. आईनं फोन केला नाही. मारितला वाटलं होतं, आठवड्याभरात करेल. मग वाटलं, थँक्सगिव्हिंगला तरी करेल. आपण करावा असंही तिला रोज वाटायचं, साधारण साडेपाचला, आणि मग ती उठून खिडकीपर्यंत जाऊन यायची.

घरच्या सगळ्या गोष्टी तिला आता त्या ब्लॉगमधूनच कळत होत्या. सगळ्या पाककृती एका माणसापुरत्या होत्या, म्हणून सगळीकडे अर्धं अंडं. ‘उरलेलं अर्धं उद्या.’ या सोमवारच्या मीटलोफखाली लिहिलं होतं: ‘मोठा ट्रे बांधून ठेवलाय, म्हणून कपात भाजलं. सामानाचा लिलाव येत्या शनिवारी सकाळी दहाला.’ ब्रॅनिगन मात्र काही केल्या कळत नव्हता. आई कधी राजकारणात नव्हती. चर्चच्या कॉफी समितीची निवडणूकसुद्धा ती डोकं दुखतंय म्हणून टाळायची.

“संशयित ब्लॉग,” वेंडेल म्हणाला. “नियम काय आहे?”

“फोन करून आठ प्रश्न विचारायचे.”

“आणि दुसऱ्या फोनवर साक्षीदार. तो मी. कर.”

“आत्ता? पाचला करते.”

“पाचला आलेख जातो.”

“तू विचार ना प्रश्न. तुझा आवाज टीव्हीवरचा आहे.”

“तो आवाज ऐकला की लोक अजून छत्री घेऊन बाहेर पडतात. नियम म्हणजे नियम, ज्यानं वाचलं त्यानं विचारायचं.” त्यानं दुसरा फोन कानाला लावला आणि तिच्याकडे बघत बसला.

मारितनं नंबर फिरवला. बोटांना काही सांगावं लागलं नाही. खाली कुणाचा तरी गोळा गडगडत लांबवर गेला आणि काहीही न पाडता थांबला.

“हॅलो?”

“नमस्कार. मी...” मारितनं फॉर्म घट्ट धरला. “मी ब्लॉगवरची चर्चा मोजणाऱ्या कार्यालयातून बोलतेय. हे संभाषण दोन जण ऐकतायत. काही प्रश्न विचारायचे होते.”

पलीकडे नळ ठिबकत होता. तो बाबा दुरुस्त करणार होते.

“विचारा की,” आर्डिस म्हणाली. पाळकांशी बोलतानाचा आवाज लावला होता तिनं. “दोन जण ऐकतायत तर नीटच बोलायला हवं. थांबा, शेगडी बंद करते.”

शेगडी बंद झाली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“प्रश्न एक. हा ब्लॉग आपण स्वतः लिहिता का?”

“हो. वाचनालयातल्या बाईनं शिकवलं. फार हुशार आहे, पण स्वयंपाक येत नाही तिला.”

“प्रश्न दोन. आपण कुठल्या उमेदवाराच्या प्रचारात काम करता का?”

“नाही हो.”

“प्रश्न तीन. आपण स्वतः उमेदवार आहात का?”

“अजून तरी नाही.”

वेंडेलनं फोनवर हात ठेवून खोकल्यासारखं केलं.

“प्रश्न चार. हे लिहिण्याबद्दल आपल्याला कुणी काही दिलं का?”

“शेजारची इर्मा सहा अंडी देऊन गेली. पण ती नेहमीच देते. कोंबड्या ऐकत नाहीत ना तिचं.” मग थोडं थांबून, “तुम्ही जेवलात का? आवाज बारीक वाटतोय.”

“हे... हे फॉर्ममध्ये नाही, बाई.”

“नसेल. पण जेवलात का?”

“सँडविच खाल्लं.”

“यंत्रातलं?”

“यंत्रातलंच.”

“देवा,” आर्डिस म्हणाली. “पुढचा प्रश्न विचारा.”

मारितला उभं राहायचं होतं, पण फोनची वायर तेवढी लांब नव्हती. “प्रश्न पाच. एल्डन ब्रॅनिगन यांच्याबद्दल आपलं मत?”

“माणूस बरा दिसतो. टाय फार आखूड बांधतो. बायको नसेल, किंवा असेल तर लक्ष देत नसेल.”

“प्रश्न सहा.” हा प्रश्न छापील नव्हता. त्या जागी ‘इतर’ असं लिहून पुढे रिकामी रेघ होती. “मग... अंड्यामध्ये त्यांचं नाव का?”

नळाचे चार थेंब पडले.

“त्याचं काय आहे,” आर्डिस म्हणाली, “ऑगस्टमध्ये आमच्याकडे एक मुलगी जेवायला आली होती. ती अशाच एका कार्यालयात कामाला आहे. खूप छान समजावून सांगत होती बिचारी, मला निम्मं कळलं. म्हणाली, मोठ्या उमेदवारांची नावं यंत्रच मोजतं, इतकं कोण वाचणार. पण जो तळाला असतो ना, त्याचं नाव कुठं निघालं तर ते माणूस वाचतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. म्हणाली, तळाचे तिघं माझ्याकडे आहेत.”

वेंडेलनं पेन खाली ठेवलं.

“तळाला तेव्हा हा ब्रॅनिगन होता,” आर्डिस म्हणाली. “त्याला वर जायला लावायचा माझा काही विचार नव्हता. वर गेला का तो?”

“सहाव्या नंबरला आहे.”

“अरे देवा. दुसरा शोधायला हवा होता.”

“तिला...” मारितनं फॉर्मकडे बघत वाचल्यासारखं विचारलं, “त्या मुलीला आपण सरळ फोन का नाही केलात?”

“करू नकोस म्हणाली होती.”

“लोक रागात काहीही बोलतात.”

“बोलतात. पण तिचे वडील म्हणायचे, माणसानं सांगितलेलं ऐकावं. म्हणून मी आपली पाककृती लिहीत बसले. पाककृती लिहायला तिनं मनाई केली नव्हती.”

खाली पुन्हा गोळा निघाला. मारितनं तो पोचेपर्यंत वाट बघितली. सगळ्या खुंट्या पडल्या.

“प्रश्न सात. आपल्या ब्लॉगचे अंदाजे वाचक किती?”

“एक,” आर्डिस म्हणाली. “असावी. नक्की नव्हतं माहीत.”

त्या रकान्यात पाच आकड्यांची जागा होती. मारितनं पहिल्या चौकोनात एक लिहिला. तो वाकडा आला. तिनं तो तसाच ठेवला.

“शेवटचा प्रश्न.” हा छापील होता. सगळ्यांनाच विचारायचा, आणि सगळे नाही म्हणायचे. “आम्ही आपल्याला पुन्हा फोन केला तर चालेल का?”

यावेळी नळसुद्धा ठिबकला नाही. कदाचित ठिबकलाही असेल.

“शनिवारपर्यंत हाच नंबर आहे,” आर्डिस म्हणाली. “शनिवारी दहाला माणसं यायला लागतील. निळा वाडगा मी लिलावात ठेवलेला नाही. कुणी विचारलं तर सांगा.”

“सांगते.”

“आणि यंत्रातलं खाऊ नका.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. ब्रॅनिगनच्या नावापुढचे चौदा तटस्थ मारितनं एकेक करून खोडले आणि शेवटच्या रकान्यात टाकले. त्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: उमेदवाराशी संबंध नाही. एकसष्टचे सत्तेचाळीस झाले. लोरेन टिस्डेल यांना, त्यांना काहीही कल्पना नसताना, खुर्ची मिळाली.

वेंडेलनं फॉर्म हातात घेतला. वरच्या कोपऱ्यात मारितनं पूर्ण नाव लिहिलं होतं, आर्डिस हॉगन. खालच्या कोपऱ्यात, नियमाप्रमाणे, प्रश्न विचारणाऱ्याचं. त्यानं वरचा कोपरा वाचला, खालचा वाचला, आणि साक्षीदाराच्या जागी सही केली.

“बिचारा ब्रॅनिगन,” तो म्हणाला. “आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या स्वयंपाकघरात रोज त्याचं नाव निघत होतं.” मग खिडकीबाहेर बघत, “शनिवारी सहा माणसं बोलणार आणि मी मोजणार. त्याला दोघं कशाला लागतात? रस्ता उत्तरेकडे, तुमच्या घरापर्यंत, साफ आहे. बर्फ नाही.”

“तू सांगतोयस म्हणजे चाकांच्या साखळ्या घेऊनच जाते.”

“घे,” वेंडेल म्हणाला. “मी असतो तर मीही घेतल्या असत्या.”

शुक्रवारी सकाळी यंत्रानं रात्रभरचे ब्लॉग गोळा करून ठेवले होते. तळाच्या तिघांचे एकूण नऊ. मारितनं ते वाचले. एकात ब्रॅनिगनच्या टायबद्दल दोन ओळी होत्या, तिनं त्या विरोधात टाकल्या. पाककृती त्यात नव्हती. ती उठली, खिडकीकडे निघाली, अर्ध्यातून परत आली. मग तिनं तो पत्ता स्वतः, एकेक अक्षर करून, टाइप केला.

पाककृती होती. फोटोत निळा वाडगा होता, मागच्या खिडकीला आता पडदा नव्हता.

‘शनिवारची न्याहारी,’ वर लिहिलं होतं. ‘आठला बसायचं, म्हणजे माणसं यायच्या आत भांडी धुऊन होतील. अंडं एक, अख्खं, फेटून घ्या.’

मारित सवयीनं ब्रॅनिगनसाठी थांबली.

तो आला नाही. पुढं थेट साय होती.