मला रिकामी राहू दे

मित्रांनो, मी एक जुनी झुलती खुर्ची आहे. ग्रानादा शहरात तळ्याकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावर, एका निळ्या दाराशेजारी माझी जागा. वयाने चाळिशी उलटली, पाय झिजले, एका हाताचा रंग उडाला. पण ऐट गेलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म जवळच्या मासातेपे गावचा. तिथल्या सुताराने मला घडवले आणि त्याच्या बायकोने माझी वेताची बैठक विणली. तो सुतार स्वतः तासभर झुलून पाहिल्याशिवाय एकही खुर्ची विकत नसे. "कुरकुरली तर माझी, गप्प राहिली तर गिऱ्हाइकाची," असे तो म्हणे. मी गप्प राहिले आणि एलिदाच्या लग्नात आहेर म्हणून ग्रानादाला आले.

लोकांची ती दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एलिदा; मला मात्र नुसती एलिदा. दिवसभर ती शिवणाच्या मशीनवर वाकलेली असे. ऊन उतरले की मला उचलून फुटपाथवर आणी आणि वाऱ्याला बसे. आमच्या गल्लीत सगळ्याच दारांपुढे खुर्च्या निघतात, पण माझ्याइतकी भरलेली एकही नसे. माझ्या वेताला वजनकाट्याची गरज नाही. नवी नवरी बसली तेव्हा तो जेमतेम दबला होता. नवरा वारला त्या वर्षी तो चांगलाच खाली गेला, आणि पुढे दोनदा बदलावा लागला. मला त्याचे दुःख नव्हते. भरलेली खुर्ची सुखी खुर्ची, एवढेच मला कळत होते.

एलिदा मूळची तळ्यातल्या एका छोट्या बेटावरची. तिथे तिची थोरली बहीण चेपा एकटी राही. चेपाची नजर गेली होती, त्यामुळे ती बेट सोडत नसे. एलिदाच अधूनमधून छोट्या बोटीने तिच्याकडे जाई. मोठ्या लाँचा त्या खडकाला लागत नसत. एका मार्चमध्ये, चेपाच्या नावाच्या संताच्या सणाला, एलिदा केकची टोपली घेऊन धक्क्यावर गेली. तिने बोटीत एक पाय टाकला, बोट कलंडली आणि टोपली पाण्यात पडली. ग्रेगोरिओ नावाडी हसत म्हणाला, "दोन्या, तुम्ही बसा बिनधास्त. बाकीचे पोहत येतील!"

सगळे हसले. एलिदाही हसली. मग घरी येऊन माझ्यावर बसली आणि पदराआड रडावे तशी अॅप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. त्यानंतर आठ वर्षे ती बेटावर गेली नाही. कुणी विचारले तर म्हणे, "तळ्याचा वारा लागला की मला भोवळ येते." चेपा ग्रेगोरिओबरोबर मासे पाठवी आणि निरोपही. "जाडुलीला म्हणावं, आंब्याला मोहोर आलाय." "जाडुलीला म्हणावं, कोंबडीला अकरा पिल्लं झाली." आमच्याकडे जाडुली ही शिवी नव्हे, ते लाडाचे नाव. एलिदा निरोप ऐके, मासे ठेवून घेई आणि तळ्याच्या दिशेला बघत कितीतरी वेळ झुलत राही. तिला बहिणीकडे जायचे होते, मित्रांनो. दुसरे काहीही नको होते.

एकदा तिने मनाचा हिय्या केला. बाजारातल्या एका बाईकडून कसलासा पाला आणला. सकाळी त्याचा काढा, दुपारी पुन्हा काढा आणि रात्री उपास. दीड महिन्यात माझा वेत भराभर वर आला. पण तिचे डोळे खोल गेले, हात थरथरू लागले आणि एकदा तर सुई ओवताना ती टेबलावरच कलंडली. वजन का उतरवतेय, हे तिने कुणालाही सांगितले नव्हते. बोटीची लाज होती ना!

इथेच आमच्या गल्लीने आपल्या पद्धतीची चूक केली. आमच्याकडे माणूस जाड दिसला की त्याचे बरे चालले आहे, आणि बारीक दिसला की त्याला रोग तरी लागलाय किंवा दुःख तरी. समोरची दोन्या मेल्बा शनिवारी नाकातामाल विकायची. केळीच्या पानात बांधलेले मक्याच्या पिठाचे आणि डुकराच्या मांसाचे ते गाठोडे एकट्याने संपवणे कठीण. ती दोन गाठोडी घेऊन आली.

"अगं, काय ही दशा! डॉक्टर काय म्हणाले? मला सांग, मी कुणाला सांगणार नाही."

"मला काही झालं नाही गं."

"असंच म्हणतात सगळे. माझी आत्याही असंच म्हणाली होती. खा गुपचूप!"

मग दुसऱ्या घरातून मटणाचे सूप आले, तिसऱ्यातून तळलेली केळी आणि चीज. घरी आलेले ताट न खाता परत पाठवणे म्हणजे पाठवणाऱ्याच्या तोंडावर दार लावणे. उपाशी एलिदा खाऊ लागली ती खातच राहिली. चार महिन्यांत उतरलेले सगळे परत आले आणि वर थोडे व्याजही. एका संध्याकाळी ती माझ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "संपलं. आता इथेच."

मित्रांनो, मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. माझी एलिदा परत आली होती.

पुढच्या वर्षी आरोग्य केंद्राची नर्स आऊरा साखर तपासायला घरोघर फिरू लागली. आमच्या पायरीवर बसून तिने एलिदाच्या बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि वही मिटली.

"दोन्या, वजन किती उतरवायचं ते सोडा. तुम्हाला जायचंय कुठे ते सांगा."

एलिदाने टोचलेले बोट अॅप्रनला पुसले. मग हळूच म्हणाली, "बोटीपर्यंत."

"मग आज त्या पिवळ्या दारापर्यंत जाऊ. चला, मीही येते."

पिवळे दार आमच्यापासून सात घरे. एलिदा धापा टाकत परतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आऊराने तिला पोट मारू दिले नाही. तीनदा जेवायचे, पण तीनऐवजी एकच तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, सरबतात साखर निम्मी, आणि ताटात आधी राजमा आणि भाजी. "हळूहळू होऊ द्या," ती म्हणे. "पळत गेलेलं पळत परत येतं. तुम्ही बघितलंयच."

महिनाभराने मेल्बा पुन्हा सुपाचे भांडे घेऊन हजर झाली. एलिदाने भांडे घेतले, बाजूला ठेवले आणि तिचा हात धरून पहिल्यांदा सगळे सांगून टाकले. बोट, टोपली, हसणारी माणसे, सगळे.

मेल्बा लालेलाल झाली. "सात वर्षं मला वाऱ्याच्या गोष्टी सांगतेस? मला वाटलं तू मरायला टेकलीस, म्हणून मी तुला भरवतेय! मीच तुझी बोट बुडवत होते की गं, बये!"

"रागावू नकोस."

"रागावू नको तर काय? उद्या सकाळी तयार राहा. मलाही साखर आहे, माहितेय ना?"

दुसऱ्या दिवसापासून दोघी निघू लागल्या. पिवळे दार, मग बेकरीचा कोपरा, मग चर्च, आणि पाचव्या महिन्यात तळ्याचा काठ. भराभर काही घडले नाही. कधी तीन-तीन आठवडे माझ्या वेताला काडीचा फरक जाणवत नसे. डिसेंबरमध्ये तर घरोघर गोडधोड वाटतात, तेव्हा तो उलट थोडा खाली गेला. एलिदा हिरमुसली. मेल्बा म्हणाली, "सण गेला, आपण आहोत. बूट घाल."

आणि मी? मी रिकामी पडू लागले. संध्याकाळी ती आली तरी जरा टेकून उठे. तिच्या पाठीची ऊब, गुणगुणताना हातावर पडणारी तिची बोटे, मान मागे टाकून सोडलेला तो लांब श्वास, सगळ्याची मला फार आठवण येई. शेजारचे मांजर माझ्यावर झोपायला यायचे. मांजराने का कधी खुर्ची भरते?

चौदा महिन्यांनी एका सकाळी दोघी टोपली घेऊन गेल्या. संध्याकाळी मेल्बा एकटीच परतली, माझ्यावर बसली आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली.

"बोट डुलली. एलिदा किंचाळली. ग्रेगोरिओ म्हणाला, 'दोन्या, चूक माझी होती, हात द्या.' बसली की नाही! पलीकडे चेपा खडकावर उभी. तिने हिचा चेहरा चाचपला, दंड चाचपले आणि ओरडली, 'ही कोण? माझी जाडुली कुठाय?' तर ही काय म्हणाली असेल? म्हणाली, 'अर्धी तिकडेच ठेवून आले गं, तेव्हा कुठे उरलेली अर्धी इथवर पोचली.' मग दोघी अशा रडल्या, काय सांगू!"

सगळी गल्ली हसली आणि डोळेही पुसू लागली. मला मात्र तेव्हाही वाटले, आज तरी ती माझ्याकडे यायला हवी होती.

त्यानंतर दोन वर्षे एलिदा दर पंधरा दिवसांनी बेटावर जाई. सकाळचे चालणे तिने सोडले नाही, ताटही पुन्हा वाढू दिले नाही. आणि मग पावसाळा संपताना चेपा तापाने गेली.

नऊ दिवसांच्या प्रार्थना आटोपून एलिदा घरी आली आणि माझ्यावर बसली. त्या दिवशी ती उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक पाव आणत, कॉफी आणत, ती मुकाट्याने खाई. माझी कित्येक वर्षांची इच्छा पुरी झाली होती. तिची पाठ माझ्या पाठीला टेकलेली, तिचे हात माझ्या हातांवर. पण तो झोका तिचा नव्हता. ती झुलतच नव्हती. नुसती ठेवल्यासारखी बसून होती. बाराव्या दिवशी वेत खाली जाऊ लागला तेव्हा मी घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, एलिदा, ऊठ. माझ्यावरून ऊठ गं.

तेराव्या सकाळी मेल्बा बूट घालून दारात आली.

"चेपासाठी चालत होते," एलिदा म्हणाली. "आता कुणासाठी चालू?"

"आणि मी कुणासाठी चालत होते? चेपा काय माझी बहीण होती?" मेल्बा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझ्यामुळे माझी साखर उतरली. माझे गुडघे चालते झाले. तू बसलीस तर मीही बसणार, सांगून ठेवते. मग दोघी मिळून ग्रेगोरिओच्या बोटीला तळ दाखवू."

एलिदाला हसू फुटले आणि हसता हसता रडूही. मग तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले, जोर केला आणि उठली.

मित्रांनो, तुमच्याही घरात किंवा गल्लीत असे कुणीतरी खुर्चीत रुतून बसलेले असेल. त्यांना हसू नका, आणि मायेच्या नावाखाली कोंबून खाऊही घालू नका. त्यांना कुठे जायचे आहे ते विचारा आणि पिवळ्या दारापर्यंत तरी सोबत जा. एकट्याने उठणे फार जड असते, आणि उठून उभे राहिल्यावर रोज पुन्हा उठावे लागते, हे मी जवळून पाहिले आहे.

त्या दोघी बेकरीच्या कोपऱ्यावर वळून दिसेनाशा झाल्या. तिच्या उठण्याने मला झोका बसला होता, मी अजून हलत होते. मला तिची आठवण येतेच, रोज येते. तरी मी मनातल्या मनात म्हणाले, जा एलिदा, सावकाश ये. मी रिकामी बरी आहे.