टिळ्याच्या ताटातलं काळं घड्याळ

“काका, हे घड्याळ घालून कुणाच्या कानफटात वाजवली, तर बंद पडतंय का चालू राहतंय?”

निकितानं हे मोठ्यानं विचारलं आणि जिंतूरच्या त्या चिंचोळ्या दुकानात तिच्या मागं उभ्या असलेल्या दोघी मैत्रिणी तोंडात ओढण्या कोंबून गदगदा हलायला लागल्या. पैज राजेश्रीची होती. ‘हे विचारून दाखव, मग म्हणू तुला कॅप्टन.’ मागच्या साली हीच निकिता दुकानाची पायरी चढायलाही माय सोबत मागायची. पण अकरावीत आली, खो-खोच्या संघाची कॅप्टन झाली आणि पोरीच्या अंगात वारंच शिरलं.

दुकानदारानं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. “पोरी, कानफटात उजव्या हातानं वाजवत्यात. घड्याळ डाव्या हातात असतंय. बिनधास्त वाजव.”

मग तर राजेश्री खालीच बसली हसून.

“आता सांग, कुणाला पाहिजे? वाजवणाराला का खाणाराला?”

“दाजीला!” निकिता ऐटीत म्हणाली.

दाजी अजून व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी तिच्या मोठ्या बहिणीचा, विजयमालाचा टिळा होता, लग्न पक्कं करायचा. पोरगा परमेश्वर, वालूरकडचा, खताबियाण्याचं दुकान असलेला. याआधी दोन ठिकाणचे पाहुणे पोहे खाऊन गेले ते परत फिरकलेच नव्हते. त्यामुळं या खेपेला घरात सगळे भरली घागर डोक्यावर असल्यासारखे चालत होते. हे लग्न जमलं पाहिजे, बास. आणि अशा घडीला आण्णांनी, म्हणजे तिच्या बापानं, वैजीनाथनं, नवरदेवाचं घड्याळ आणायचं काम धाकटीवर सोपवलं होतं. “रोज हातात राहील, दिसायला झोकदार आन् आपल्याला झेपंल असं आण. तुला कळतंय त्यातलं.”

तुला कळतंय! निकिता रात्रभर त्याच शब्दांवर झोपली होती.

दुकानदारानं आधी सोनेरी साखळीचं घड्याळ पुढं केलं. बॅन्डवाल्याच्या टोपीसारखं चमकत होतं. तिनं अंगठ्यानं साखळी घासली. “काका, हा रंग घामानं किती टिकंल?”

“खरं सांगू? पावसाळ्यापर्यंत.”

चामडी पट्ट्याचं छान होतं, पण दिवसभर खताची पोती उचलणारा माणूस. चार दिवसांत पट्ट्याला कुबट वास सुटला असता. पांढऱ्या तबकडीचं शाळेतल्या सरांसारखं दिसत होतं. मग तिनं स्वतःच कपाटातल्या एका घड्याळाकडं बोट केलं. काळी तबकडी, बारीक पोलादी कड, काळा रबरी पट्टा, अंधारात हिरवे चमकणारे काटे. पाण्यानं बिघडत नव्हतं आणि सोनेरीपेक्षा स्वस्तही होतं. तिनं ते मनगटावर चढवून हात इकडून तिकडून फिरवला.

“हिरो दिसंल दाजी,” राजेश्री म्हणाली.

दुकानदारानं डबी चकचकीत कागदात बांधून दिली. घरी मायनं, दैवशालानं, बांधलेली डबी तशीच हळदीकुंकू लावून ताटात ठेवली. उघडून बघायला तिला सवडच कुठं होती? चुलीवर बुंदी होती.

दुसऱ्या दिवशी अंगणात मंडप पडला. आमच्याकडं टिळ्याचं ताट झाकून देत नाहीत. कपडे, अंगठी, घड्याळ, सगळं चारचौघांत उघडायचं, वडीलधाऱ्यांपुढून फिरवायचं, प्रत्येकानं बोट लावायचं, मग ते नवरदेवाच्या अंगावर चढायचं. ताट नवरदेवाच्या चुलत्यापुढं, व्यंकटरावपुढं आलं. त्यानं मिशी पुसत कागद फाडला, डबी उघडली आणि विंचू दिसावा तसा हात मागं घेतला.

“हे काय?”

“घड्याळ हाय, पाव्हणं,” आण्णा म्हणाले. पण त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांनीही ते आत्ताच पाहिलं होतं.

“ते दिसतंय मला. काळं हाय. टिळ्याच्या ताटात काळं? आमच्या पोराचा टिळा हाय का तेरवी?”

वाजंत्री थांबली. बायकांची कुजबुज थांबली. निकितानं पट्टा पाहिला होता, काच पाहिली होती, पाणी पाहिलं होतं, घाम पाहिला होता. रंगाचा विचार तिच्या डोक्याला शिवलाच नव्हता. लग्न जुळवणारे किशनराव मामा मध्ये पडले, “लेकरानं आणलंय हो, चुकलं. बदलून देऊ,” आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण निकिताच्या अंगात वारं होतं ना!

“मंगळसूत्रात काळेच मणी असतात की!” ती बोलून गेली.

कुणीतरी फिसकन् हसलं. तेवढं हसू पुरलं.

“पोरगी तोंड वर करून बोलायलीय!” व्यंकटरावनं घड्याळ उचलून जमिनीवर आपटलं आणि टाचेखाली रगडलं. काच करकरली. मग त्यानं निकितावर हात उगारला. तो हात आण्णांनी वरच्या वर धरला आणि मागं ढकलला. व्यंकटराव खुर्चीसकट उताणा पडला.

पुढचं सगळं एका दमात झालं. पहिली खुर्ची आली ती आण्णांच्या भुवईवर. कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. त्यांनी आंधळ्यासारखे हात फिरवले, तेवढ्यात दुसरी पाठीवर. आण्णांचे लोक धावले, पाहुण्यांचे लोक धावले. कुणी मंडपाचा बांबू उपसला, तशी निम्मी कनात लोकांच्या डोक्यावर कोसळली, आणि कापडाखालीच गुद्दागुद्दी सुरू झाली. कोण कुणाला हाणायलंय काही कळत नव्हतं, नुसतं कापड फुगत होतं आणि आतून शिव्या येत होत्या. आचाऱ्यानं झारा उचलला. वरणाचं पातेलं कलंडलं, एकाचे पाय भाजले, तो किंचाळत नाचायला लागला. एका म्हाताऱ्यानं थुंकून हातावर दात घेतला आणि तो दात दाखवत “बघा रे, बघा रे” करत फिरत होता, पण बघायला कुणाला वेळ नव्हता.

“निकिता, आत पळ!” माय ओरडली. “ताईजवळ बस, कडी लाव!”

ती पळाली. सोप्यातून माजघर, माजघरातून मागची पडवी. ताई तिथंच चुलीपुढं नटून बसलेली होती, बोलावण्याची वाट बघत.

पण कडी आतून कुणीतरी आधीच लावली होती.

निकितानं दाराच्या फटीला डोळा लावला. आत परमेश्वर होता. हाणामारीत सगळ्यांची पाठ वळल्यावर तो मागच्या दारानं आला होता. त्याच्या कपाळावर टिळा तसाच होता.

“घड्याळ कुणी आणायला लावलं? बोल! गावापुढं माझी बेइज्जती!”

“मीच,” विजयमाला म्हणाली. “मीच सांगितलं होतं.”

साफ खोटं. धाकटीवर येऊ नये म्हणून.

त्यानं तिचा हात धरला, जिथं नव्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या तिथं, आणि मूठ आवळली. बांगड्या कटकट फुटल्या. त्यानं मूठ सोडली नाही, पिळली. काचा आत घुसल्या आणि कोपरापर्यंत लाल ओघळ आला. ताई ओरडली नाही. तिनं नुसता खालचा ओठ दातांत धरला. तिचं ते न ओरडणं बघून त्याला आणखी चढलं. त्यानं तिला एक ठेवून दिली, तिचं डोकं खांबावर आपटलं, आणि तो तिच्या कानाशी वाकून अगदी शांत आवाजात म्हणाला, “आत्ता तर सुरुवात हाय. घरी चल, मग सांगतो.”

ती शांतता निकिताला बाहेरच्या सगळ्या आरडाओरड्यापेक्षा भयंकर वाटली.

दाराशेजारच्या खिडकीचा एक गज तुटका होता. लहानपणी दोघी बहिणी तिथूनच बाहेर सटकायच्या. निकिता त्यातून आत घुसली, फ्रॉकच्या वयाची नव्हती आता, खांदा सोलून निघाला. चुलीपुढचा पाट तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि खाली बसून, खो-खोत सूर मारतात तसा, त्याच्या गुडघ्यावर घातला. तो “आय्य” करून वाकला. दुसरा घाव त्याच्या तोंडावर बसला. त्यानं तिचे केस धरून तिचं तोंड भिंतीला घासलं. तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला आणि तोंडात रक्ताची चव येईस्तोवर सोडलं नाही.

“चल निघ!” तिनं पाट पुन्हा उगारला. “निघ, न्हाईतर डोकंच फोडते!”

तो लंगडत मागच्या दारानं गेला. अंगणात त्यानं सांगितलं, बांबू लागला म्हणून. पोरीनं मारलं हे कुठल्या तोंडानं सांगणार?

उन्हं कलायच्या वेळेला अंगण रिकामं झालं होतं. मोडक्या खुर्च्यांमधून कुत्री बुंदी वेचत होती. आण्णांच्या डोक्याला पट्टी, मायचा दंड सुजलेला. ताई भिंतीला टेकून बसलेली, हाताला पदर गुंडाळलेला. किशनराव मामा पाहुण्यांकडं जाऊन निरोप घेऊन आले होते.

“मिटतंय,” ते घाम पुसत म्हणाले. “दोन्हीकडून लागलंय, दोन्हीकडून गप बसायचं. सोनेरी घड्याळ द्या. आन् धाकटीनं व्यंकटरावाचे पाय धरावेत. तारीख तीच.”

आण्णांनी मोठा श्वास सोडला. “धरंल. धरायलाच पाहिजे. हिच्या घड्याळापायीच झालंय सगळं.”

“आण्णा, त्यानं ताईला मारलंय.” निकितानं आतलं सगळं सांगितलं, एका दमात, न रडता. “घड्याळापायी न्हाई. उद्या भाजीत मीठ कमी पडलं तरी तो हेच करंल.”

“रागात होतं पोरगं,” किशनराव मामा म्हणाले. “लग्न झाल्यावर निवतंय सगळं.”

“मामा, तुमची पोरगी द्या मग त्याला.”

“निकिता!” माय ओरडली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. ती ताईच्या हाताभोवतीच्या पदराकडं बघत होती. पदर ओला व्हायला लागला होता. “तिसरं ठिकाण हाय गं,” ती पुटपुटली. “हेबी मोडलं तर लोक काय म्हणतील?”

निकिता ताईपुढं जाऊन गुडघ्यावर बसली. “ताई, कुणाकडं बघू नको. माझ्याकडं बघ. जायचंय तुला त्या घरी?”

बाहेर कुणीतरी बांबू गोळा करत होतं, त्यांचा खडखडाट येत राहिला. विजयमालानं मान हलवली, आडवी. एकदा हळू. आणि मग जोरजोरात, थांबेचना.

निकितानं तिच्या हातावरचा पदर सोडला, मनगट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. काचेचे तुकडे अजून आतच होते. मायनं तोंडावर हात घेतला. आण्णांनी मान फिरवली, आणि मग हळूहळू परत वळवली.

निकिता उभी राहिली. सोललेला खांदा ठणकत होता, पण आवाज खणखणीत निघाला.

“आण्णा, माय, ऐका. मी कुणाचे पाय धरणार न्हाई. मी ताईला घेऊन आत्ता जिंतूरला जायलेय. आधी दवाखान्यात, मग ठाण्यात. मी डोळ्यांनी पाहिलंय, मी साक्ष देणार. तुमी आलात तर लय बरं होईल. न्हाई आलात तरी आमी जायलोत.”