हालिगडोमवरचा हात

हुनविनवर कारभाऱ्याचा बैल चोरल्याचा आळ आला, तेव्हा त्याची बायको वुल्फरून चक्क हसली. शेजारणीची कोंबडी हुसकायलाही ज्याला संकोच वाटतो, तो बैल काय चोरणार! पण बैलाची घंटा त्यांच्याच कुंपणात सापडली आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

सुटायची वाट होती. चर्चमध्ये हालिगडोमवर हात ठेवून हुनविनने शपथ घ्यायची आणि पाठोपाठ अकरा जणांनी एकेक करून म्हणायचं, ह्याची शपथ शुद्ध आहे. हालिगडोम म्हणजे चांदीने मढवलेली पेटी, आत संताच्या बोटाचं हाड. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या ह्या लोकांच्या बोलीत हाल म्हणजे धडधाकट, न तडकलेलं. मडकं हाल असतं, गुडघा हाल असतो, दारात आलेल्याला ‘वेस हाल’ म्हणतात, म्हणजे धडधाकट राहा. आणि ज्याला कधी तडाच जात नाही ते हालिग, पवित्र. म्हणून शपथही अख्खीच लागते. एक जण कचरला की सगळी फुटली.

दहा जण धडाधड बोलून गेले. अकरावा ओर्डगार, वुल्फरूनचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तो पेटीपाशी आला, हात पुढे केला आणि मागे घेतला.

“मला नाही जमत,” एवढंच म्हणाला.

शपथ फुटली. आता हुनविनला तापलेलं लोखंड हातात धरून नऊ पावलं चालायचं होतं. तीन दिवसांनी पट्टी सोडायची. जखम चिघळली असेल तर तो चोर, आणि चोराचा हात तोडतात.

वुल्फरूनने भावाला मेंढवाड्यात गाठलं.

“कारभाऱ्याने काय चारलं रे तुला?”

“काही नाही गं ताई. बैल मीच नेला होता. घंटा घाईत फेकली, ती नेमकी तुझ्या कुंपणात पडली. चोराचा हात पेटीला लागला की जळतो म्हणतात. माझी छातीच झाली नाही.”

“अरे गाढवा! तुला तुझं कोणी विचारलं होतं? दाजी निर्दोष आहेत, एवढंच म्हणायचं होतं. ते तुझ्याइतकं पक्कं कोणाला माहीत होतं?”

तो ढसाढसा रडला. लोखंड तापायच्या आत पाद्र्याला सगळं सांगतो, असं त्याने तिच्या गळ्याला हात लावून सांगितलं. तिने विश्वास ठेवला. वेडी बाई, पुन्हा ठेवला.

तो आलाच नाही. ती एकटीच चर्चमध्ये घसा फोडून सांगत राहिली, पण नवऱ्यासाठी बायकोचा शब्द कोण धरतो? “सख्ख्या भावावर ढकलतेस? लाज नाही वाटत?” पाद्री म्हणाला. हुनविन नऊ पावलं चालला. भाजल्या मांसाचा वास तिच्या नाकातून तीन दिवस गेला नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पट्टी सुटली. जखम स्वच्छ, गुलाबी होती. “हाल!” पाद्री ओरडला आणि गर्दीने जल्लोष केला. त्याच गर्दीतून वाट काढत ओर्डगार पुढे आला. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

“बघ, राखलं की नाही देवाने दाजींना! उगीच माझा जीव खाल्लास. वेस हाल, ताई!”

तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला पेटीकडे ओढलं.

“ठेव हात.”

“ताई, अगं, लोक बघतायत.”

“बघू देत. ठेव. भाऊ आहेस ना माझा?”

पेटी अजून वीतभर लांब होती, तेवढ्यातच तो भाजल्यासारखा किंचाळला. पाद्र्याने पुढे येऊन ओर्डगारची मूठ उघडली. तळहातावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. वुल्फरूनने मनगट सोडलं, नवऱ्याचा भाजलेला हात जपून आपल्या हातात घेतला आणि ती घराकडे निघाली.