अंगठ्याची माती

“ताई, हा शंख रजिस्टरात ‘तुटका’ म्हणून नोंदलाय. पण हा तर चांगला धडधाकट आहे!”

नव्या सरांनी डबी तिच्या टेबलावर ठेवली. तिने भिंगावरून मान वर केली नाही. हा दिवस आपल्या निवृत्तीनंतर उगवावा, एवढंच तिचं मागणं होतं. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते.

प्रयोगशाळेत तिला सगळे पावडरताई म्हणत. समुद्रातली गोगलगाय आपला शंख थराथराने वाढवते. उन्हाळ्यातला थर वेगळा, हिवाळ्यातला वेगळा. दातांच्या डॉक्टरकडे असतं तसल्या बारीक ड्रिलने एकेका थरातून कणभर पूड काढायची, की लाखो वर्षांपूर्वीचं पाणी किती गार होतं ते यंत्र सांगतं. पूड काढायचं काम तिचं. कड्याकपाऱ्यांतून ते जुने शंख हुडकून आणायचं काम ह्यांचं, तिच्या नवऱ्याचं. “मी आणायचं आणि तू भुगा करायचा, असला आपला संसार,” हे हसून म्हणायचे.

मग एका मोहिमेत कड्याची दरड कोसळली. हे परत आले नाहीत; खोकं आलं. त्यातल्या एका शंखावर माती तशीच होती, आणि त्या मातीत ह्यांचा अंगठा उमटून सुकला होता. पूड काढायची तर शंख आधी धुवावा लागतो. तिने रजिस्टरात ‘तुटका’ लिहिलं आणि डबी कपाटाच्या तळाशी सारली. अधूनमधून एकटी असताना उघडायची. वीस वर्षं झाली, तरी दर वेळी वाटायचं, अंगठा आत्ताच उचललाय. माणूस मागे उभा आहे. ती वळून बघायची नाही.

“त्या कड्यातला एवढा एकच उरलाय,” सर म्हणाले. “हा नाही तर तिथल्या थंडीचे नुसते अंदाज बांधत बसायचं. कुणाची चूक ही?”

“चूक नाही. मी खोटं लिहिलं.” तिने डबी फिरवून दाखवली. “ह्यांचा अंगठा.”

सरांनी डबी उजेडात धरून पाहिली. “फोटो काढून ठेवूया?”

“घरी तीन आहेत. फोटोला माती लागत नाही हो.”

“मग राहू द्या, ताई. तुटकाच आहे तो.”

तिने आता कुठे वर पाहिलं. “तुम्ही नका खोटं बोलू. हे असते तर माझी चांगली खरडपट्टी काढली असती.”

तिने काचेच्या वाडग्यात पाणी घेतलं. ब्रशच्या दुसऱ्याच फटक्यात अंगठा गेला. मग ड्रिलखाली नीट बसावा म्हणून तिने शंख डाव्या हातात धरला, तर तिचा अंगठा नेमका तिथेच टेकला. शंख धरायची जागाच ती होती.

अठ्ठावीस खळ्या पाडून झाल्या. एका ठिकाणी थर एकमेकांना चिकटले होते.

“इथे वाढ थांबलीये,” सर भिंगातून बघत म्हणाले. “फार थंडी पडली असेल. पण पुढे वाढलीये बघा.”

“वाढलीये,” ती म्हणाली. “पण बारीक.”

रजिस्टरात तिने ‘तुटका’ खोडलं, शेजारी ‘पूर्ण’ लिहून सही केली. झाडणाऱ्या मावशींनी टेबलावरचा वाडगा उचलला.

“हे गढूळ पाणी ओतू ना?”

“थांबा, मावशी,” ती म्हणाली. “माती खाली बसू दे.”