बारापर्यंतचं मौन

संजीवनीबाईंचा चातुर्मासाचा नेम ठरलेला. पहाटे देवापाशी दिवा लावला की दुपारी बारापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सिंगापुरातल्या सेरंगूनच्या ज्या शाळेत त्या मदतनीस शिक्षिका होत्या, तिथं या नेमाला आयतीच जागा मिळाली. दंगा करणाऱ्या मुलांना घरी न पाठवता दिवसभर एका वेगळ्या खोलीत बसवत. ती खोली बाईंकडे होती. फळ्यावर काम लिहायचं, चुकलं तर बोटानं दाखवायचं, हसून मान डोलवायची. ओरडा नाही की टोमणा नाही. भलीभली आडदांड पोरंही तिथं गाईसारखी गरीब होत. शाळेला वाटे, काय नामी पद्धत! हे आपलं व्रत आहे असं बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलं निवळतात ती या मौनाच्या पुण्याईनं, असं मात्र त्या मनोमन धरून चालल्या होत्या.

ऑगस्टात वल्लरी आली. देशाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या लाल-पांढऱ्या पताका अजून जिन्यात लटकत होत्या. तेरा वर्षांची किडकिडीत पोर. कँटीनमध्ये वर्गातल्या मुलीच्या अंगावर सूपचा वाडगा उपडा केलेला.

"इथेही नीट वागली नाहीस, तर आठवडाभर घरी," शिस्त बघणारे मिस्टर कोह तिला इंग्रजीत बजावून गेले.

"आंटी, तुम्ही मराठी ना?" वल्लरीनं हळूच विचारलं.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हसल्या.

पोरीचा चेहरा पडला. थोड्या वेळानं तिनं खुर्ची फरशीवर करकरवली. बाईंनी वर पाहिलं नाही. मग कंपासपेटी धाडकन खाली आली. बाईंनी वाकून पेन्सिली वेचल्या, पेटी बाकावर ठेवली, पुन्हा हसल्या.

"स्कोल्ड मी लाह!" वल्लरी तिथल्या इंग्रजीत किंचाळली. "ओरडा ना! घरी पण सेम. प्रायमरीचा रिझल्ट खराब लागला, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलतच नाही. मी समोर बसलेली असते, नि आईला सांगतो, 'तिला विचार, वरण हवंय का.'"

आवाज ऐकून मिस्टर कोह दारात. "काय झालं? घरी पाठवू हिला?"

वल्लरी पांढरीफटक पडली. बाईंनी 'नाही' अशी मान हलवली, तेवढ्यावर भागलं. ते गेले. व्रतही शाबूत राहिलं. पण पोर टक लावून बघत होती. आता तरी बोलतील?

बाराला अजून अवकाश होता. बाईंना एकाएकी मागच्या आठवड्यातली ती मलय मुलगी आठवली, दिवसभर भिंतीकडे बघत शहाण्यासारखी बसलेली. केवढं समाधान वाटलं होतं त्या दिवशी! ती निवळली होती, की तिलाही घरून अबोल्याचीच सवय होती?

"वल्लरी," बाई म्हणाल्या. पहाटेपासून मिटलेला घसा, आवाज खरखरीत निघाला. "चुकलं माझं, बाळा. ये, इकडे बस."

पोर आली नाही. बाकावर डोकं टेकून पडून राहिली. बाईच खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या.

"त्या मुलीवर सूप का गं ओतलंस?"

बाकातून आवाज आला. "त्यांचा ग्रुप मला इग्नोर करतो. सूप ओतलं, तेव्हा बोलली ती."

शाळा सुटताना तिचे वडील चंद्रशेखर आले. वन-नॉर्थ या आयटी पार्कमधल्या ऑफिसचा पास अजून गळ्यातच. लेक दोन हातांच्या अंतरावर उभी, पण बोलले ते बाईंशी.

"बाई, तिला सांगा, टॅक्सी खाली थांबलीय."

"ती इथंच आहे. तुम्हीच सांगा ना."

"तुम्हाला नाही कळायचं. तिचा प्रश्न वेगळा आहे."

"मला आजच कळलंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी आज माझा न बोलण्याचा नेम मोडला, भाऊ. तुम्हीही मोडा."

चंद्रशेखर गळ्यातला पास उलटसुलट करत राहिले. खालून टॅक्सीचा हॉर्न आला.

"वल्लरी," शेवटी ते पासकडेच बघत म्हणाले, "पाण्याची बाटली घेतलीस का?"

वल्लरीनं तोंड उघडलं. आणि उत्तर द्यायची परवानगी आहे का, म्हणून आधी संजीवनीबाईंकडे पाहिलं.