राणीच्या तोंडाची बरणी

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. पोट पिंपासारखं गोल, बुडाशी पितळी तोटी. जुनी म्हणजे किती जुनी, असं विचाराल तर मित्रांनो, ते मलाच ठाऊक नव्हतं. माझी आठवणच गेली होती. का गेली ते पुढे कळेलच, फक्त हसू नका म्हणजे झालं.

मला आठवतं ते बुलढाण्याच्या कचेरीतल्या लिलावापासूनचं. महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती. मोडक्या खुर्च्या, गंजक्या पेट्या आणि त्यांच्यात मी. यादीत माझं नाव 'बरणी, एक नग'. एक नग! असा राग आला म्हणून सांगू! भगवानराव गुरुजींनी मात्र माझी तोटी उघडझाप करून पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. एसटीत मला मांडीवर घेऊन ते धाड गावाकडच्या आपल्या लहानशा शाळेत आले.

त्या शाळेत पाण्याचा रांजण होता. बरीच मुलं त्यात तांब्या बुडवून पाणी पीत. चौथीतल्या तानाला आणि तिच्या वस्तीतल्या मुलांना मात्र रांजणाला हात लावायची बंदी होती. कुणी वरून पाणी ओतेपर्यंत ती ओंजळ धरून उभी राहायची. गुरुजींना ते पाहवत नव्हतं. तोटी असली की ज्याने त्याने आपलं पाणी घ्यावं, कुणाची वाट पाहू नये, एवढ्यासाठी त्यांनी मला आणलं होतं.

पण मी नक्की कशाची बरणी? मुलांनी मला घेरलं.

"लोणच्याची असन," एक म्हणाला.

"हट् बे! लोणच्याले तोटी काऊन?"

"मंग राकेलची!"

राकेलची? शी! पण खरं काय ते मलाही ऐकायचं होतं.

मुलांनी मला राखेने खसाखसा घासलं. काळा थर निघाला आणि माझ्या पोटावर एका बाईचं उठावाचं तोंड दिसू लागलं. डोक्यावर मुकुट, नाक सरळ. गावच्या रामराव पाटलांची नात कोकिळा लगेच हात जोडून म्हणाली, "देवी हाये!" मी तर फुगूनच गेले.

ताना मात्र निरखून बघत होती. "देवी नाही वं. ही बाई माह्या आजीच्या गळ्यात हाये."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला पाण्याने भरलं, शेजारी पेला ठेवला, आणि तानाची आजी जनकाबाई शाळेत आली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात राणीछाप रुपया होता. गुरुजींनी तो माझ्या पोटाशी धरला. तोच मुकुट, तेच नाक! "ही विलायतेची राणी," गुरुजी म्हणाले. "ती जाऊन साठ वर्षं झाली. बरणी तिच्या राज्यातली, म्हणजे साठीच्या पुढचीच." मला वय मिळालं मित्रांनो! आनंदाने मी घुमायचंच काय ते बाकी होतं.

जनकाबाई मला हात लावून हसायला लागली. "अवं माय! हे तं साहेबाच्या बंगल्यावरचं ब्रँडीचं भांडं! माहा बाप तिथं कामाले होता. मी तानाएवढी होती, तवा रोज हे घासून भरत होती."

आता कळलं ना, माझी आठवण कशाने गेली ते?

नेमके तेव्हाच शाळेच्या कामासाठी आलेले रामराव दारात उभे होते. ते कडाडले, "शाळेत दारूचं भांडं? गुरुजी, आत्ताच्या आत्ता फेका हे! आपला रांजण काय वाईट होता?"

तानाने मान खाली घातली. मला फुटायची भीती वाटली, पण तिच्याकडे पाहून जास्त वाईट वाटलं.

"रामरावजी, धुतलं की भांडं शुद्धच," गुरुजी हळूच म्हणाले.

"ते मले नका सांगू!"

तेव्हा जनकाबाई पुढे झाली. "पाटील, तुमचे बाबूजी बंगल्यावर येत. याच तोटीखाली गिलास धरत. मी भरलेलं पेत, हे त्यायले ठाऊक होतं. दारू होती तवा कोणाच्या हातची म्हणून कोणी इचारलं नाही. आता पाणी हाये, तं इचारता काऊन?"

तेवढ्यात ताना उठली. तिने स्वतःच्या हाताने तोटी फिरवली, पोटभर पाणी प्याली आणि पेला धुऊन कोकिळेच्या हातात दिला. कोकिळा आजोबांकडे बघून म्हणाली, "आबाजी, जरा सरका नं. माह्या मागं पोरं उभी हायेत."

आणि रामराव सरकले.

मित्रांनो, मला अधूनमधून राखेने घासत जा, तोटी गळू देऊ नका. एके काळी मी ब्रँडीचं भांडं होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण माझ्यात पाणी असताना एखादं लेकरू तहानलेलं राहिलं, तर त्याची लाज मला जन्मभर पुरेल.