एक घोट

महाराज गादीवर आले त्याच्या पाचव्या वर्षी, शनिवार पेठेत कापूस पिंजणाऱ्या निसार-फक्रुद्दीन या भावांच्या घरात धाकट्या सुनेला, चाँदबीला, मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी ती तापानं फणफणली. दूध आलंच नाही. शेळीचं पाजलं तर पोरगं ओकून टाकी. रडून रडून त्याचा आवाजही बसला.

आणि थोरल्या सुनेला, फातिमाला, दूध मावत नव्हतं! तिची लेक चार महिन्यांची. ती पिऊन झोपली तरी हिची चोळी भिजलेलीच. पण पोराला पाजायचं नाही, असा सासूचा, बेगमचा हुकूम. कारण पोर जन्मल्या दिवशीच सासूनं त्याचं नि फातिमाच्या लेकीचं लग्न ठरवून गल्लीभर साखर वाटली होती. एकीचं दूध प्यालेली पोरं त्यांच्यात सख्खी बहीणभावंडं. एक घोट पुरे, निकाह कायमचा हराम.

खरं सांगायचं तर साखर वाटली तेव्हा सगळ्यांत जास्त फातिमाच हरखली होती. ती शाहूवाडीची. सात वर्षांत दोनदाच माहेर बघितलेलं. आपली लेक याच उंबऱ्याच्या आत, नजरेसमोर राहणार, यापरतं सुख तिला ठाऊक नव्हतं.

“दूध पाजणारी दाई आणाया माणूस गेलाय कोडोलीला,” सासू म्हणाली. “उद्या ईल.”

“उद्यापतोर ह्यो टिकंल व्हय?”

अंथरुणातून चाँदबी पुटपुटली, “भाबी, मी न्हाय मागणार. तुमच्या लेकीचा सवाल हाय.”

फातिमाचं पित्तच खवळलं. म्हणजे नाही म्हणायचं पाप माझ्या माथी!

“मागतीस कशाला? दूध माझं हाय. कुणाला पाजायचं ते मी ठरवणार.” ती सासूकडं वळली. “अम्मा, शिर सलामत तर पगडी पचास. नवराच न्हाय ऱ्हायला तर निकाह कुणासंगं लावताय?”

तिनं पोराला उचलून छातीशी धरलं. आधी त्याला ओढताही येईना. तिनं दोन थेंब ओठांवर पिळले, तसं त्यानं तोंड लावलं. घोट गिळल्याचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

सासू मटकन खाली बसली. “मोडलं गं! साखर वाटल्यालं लगीन मोडलं!”

फातिमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. लेक आता परक्या गावी जाणार. पण पोराला तिनं सोडलं नाही.

बऱ्याच वेळानं सासू उठली, डोळे पुसले, पदर खोचला.

“रडतीस काय? मोडायचं ते एका घोटानंच मोडलं. आता त्या बाजूचंबी पाज त्येला, पोट भरू दे.”